बॅग छान मिळाली, आभारी आहे

विश्वजीत कुंजीरचं एका बाबतीत मत ठाम होतं. जगात कुठलीच कंपनी कुणाला फसवत नाही, लोकांना तक्रारच करता येत नाही!

"कंपनी किती का मोठी असेना, तिच्याकडे वकील असतात, आपल्याकडे चिकाटी असते!" हे तो मांजरी गावातल्या चहाच्या टपरीवर सांगे, हडपसरच्या ऑफिसात सांगे, आणि कुणी नाहीच सापडलं तर लिफ्टमधल्या अनोळखी माणसाला सांगे. पुरावा म्हणून तो गल्लीतल्या दिव्याची गोष्ट ऐकवायचा. बंद पडलेला दिवा त्याने एकवीस अर्ज करून बदलून घेतला होता. नवा दिवा दिवसा लागायचा आणि रात्री विझायचा, एवढा भाग तेवढा तो गाळायचा.

तर अशा या विश्वजीतवर विमानात बसायची वेळ आली. बहीण ऋतुजा बंगळुरूला, तिच्या लेकीचं बारसं. आईला, म्हणजे मथुराबाईंना, घेऊन जायचं होतं. घरात बॅगा दोन. एकीची चेन गेलेली, ती नाड्याने बांधायची. दुसरीत गहू.

मग तो गेला कादरचाचांकडे. हडपसरच्या गाडीतळाजवळ चाचांचं छोटंसं दुकान. गाड्यांची सीट कव्हरं शिवायची, बॅगांच्या चेन बदलायच्या, चाकं बसवायची, हेच काम गेली चाळीस वर्षं. विश्वजीतचे वडील सोनबा यांच्या पहिल्या ट्रॅक्टरची गादी चाचांनीच शिवलेली, तेव्हापासूनचा घरोबा. सोनबा गेले तरी ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ यांची ये-जा काही थांबली नव्हती.

चाचांच्या घरी कपाटावर एक निळी बॅग होती. चार चाकांची, गुळगुळीत, अजून प्लॅस्टिकमध्ये. मुलाने, इमादने, पहिल्या पगारातून घेऊन दिलेली. चाचा आणि कमरजहां चाची तीन आठवड्यांनी मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला निघणार होते, त्यासाठी. चाचांनी स्वतःच ती खाली काढली.

"घेऊन जा रे विश्वा. इथं कपाटावर बसून काय अंडी देणार आहे ती?"

"चाचा, नवी आहे हो. इमादची."

"मग जपून वापर."

"जपून? ओरखडा जरी उठला ना चाचा, तर कुंजिरांचं नाव लावणार नाही!"

आता मला सांगा, असं बोलू नये हे काय कुणी शिकवावं लागतं का? पण नाही! बोलायचं म्हणजे बोलायचं.

बारसं थाटात झालं. परतीचं विमान शनिवारी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरलं. पट्टा फिरू लागला. लोकांच्या बॅगा आल्या, खोकी आली, एका बाईंचं रोपटंसुद्धा आलं. निळी बॅग काही येईना. पट्टा थांबला.

"थांब की जरा," मथुराबाई म्हणाल्या, "एसटीच्या टपावरलं सामान बी शेवटालाच उतरवत्यात."

"आई, हे विमान आहे. याला टप नसतो!"

बॅग मागेच राहिली होती. कंपनीच्या खिडकीवर विश्वजीतने बॅग न मिळाल्याचा कागद भरला आणि खरं सांगायचं तर त्याला आतून गुदगुल्या झाल्या. एवढी मोठी विमान कंपनी आयती तावडीत सापडलेली! घरी येईपर्यंत रिक्षात त्याने तीन मेल तोंडी रचले.

पण पहिलं पाऊल टाकायच्या आतच घात झाला. सोमवारी तो ऑफिसात असताना बॅग घरी आली. पोचवायला आलेले गृहस्थ पन्नाशीचे, घामाघूम. पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला, त्यामुळे त्यांनी बॅग कालव्याच्या पुलापासून उचलून आणली होती. मथुराबाईंचा जीव कळवळला! आधी पाणी, मग चहा, मग "आता जेवायचीच वेळ झालीया" म्हणून पिठलं-भाकरी, आणि निघताना गुळाची अख्खी ढेप. विश्वजीत संध्याकाळी घरी आला तो सरळ बॅगेपाशी. त्याने ती उभी केली. बॅग आडवी झाली. पुन्हा उभी केली. पुन्हा आडवी!

"आई! हिचं चाक कुठंय?"

"आतमंदी आसंल."

"अगं, कोपरा फुटलाय! हात जातोय आत!"

"जाईना का. बाळाचे फोटू, माझी साडी, समदं नीट आलंय. त्या बिचाऱ्यानं उन्हातानात खांद्यावर आणली रं."

विश्वजीतच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "तू कुठं सही नाही ना केलीस?"

"नुसती सही?" मथुराबाईंना राग आला. "सातवी शिकलीया मी! शेऱ्याच्या जागंला चांगलं लिवून दिलंय." आणि कागदाची प्रत त्यांनी अभिमानाने पुढे केली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'बॅग छान मिळाली. आभारी आहे. आपल्या माणसाला पगार वाढवून द्यावा. मथुराबाई सोनबा कुंजीर.'

विश्वजीतने तो शेरा दोनदा वाचला. भरपाई मागायची कशी? तक्रारीआधी आभारच जाऊन पोचले होते!

पण त्याला खरी धास्ती वेगळीच होती. चाचा पुढच्या बुधवारी निघणार होते. पोराच्या पहिल्या पगाराची बॅग, जिचं प्लॅस्टिक त्यांनी स्वतः काढलं नव्हतं, ती या अवस्थेत त्यांच्या हातात द्यायची? वडिलांच्या जागी असलेला माणूस. एक शब्द बोलणार नाही, नुसता हसेल, आणि ते हसणंच विश्वजीतला सोसवलं नसतं. तशीच नवी बॅग चौदा हजारांना होती, आणि तिकिटं, बारशाचा आहेर यांत त्याचा महिना कधीच संपला होता. म्हणजे मार्ग एकच. कंपनीकडून भरपाई घ्यायची, तशीच बॅग आणायची, प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि गुपचूप परत द्यायची. चाचांना कळणारसुद्धा नाही!

नियम त्याने शोधून काढला. मोडतोडीची तक्रार सात दिवसांच्या आत, फोटोसह. तो कामाला लागला. बॅग एकटी उभी राहीना म्हणून त्याने हाक मारली, "आई, फोटो काढायचाय, जरा बॅग धर!"

मथुराबाई आत गेल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वीस मिनिटांनी बाहेर आल्या त्या पैठणी नेसून, नथ घालून, केसात गजरा माळून!

"अगं, बॅगेचा फोटो आहे!"

"म्हंजी मी न्हाई का त्याच्यात?"

विश्वजीतने घाईघाईत चार फोटो काढले, न बघताच पाठवून दिले, आणि खाली तक्रार अशी कडक लिहिली की वाचणाऱ्याला घाम फुटावा.

बुधवारी फोन आला. "नमस्कार सर, विमान कंपनीच्या सामान विभागातून आम्रपाली बोलतेय. फोटो मिळाले. खूपच छान आलेत."

"छान?"

"काकूंची पैठणी येवल्याची का हो सर? मोर काय सुंदर आहेत! फक्त बॅगेचं काय मोडलंय ते दिसत नाहीये. पदर आलाय पुढे."

विश्वजीतने फोटो उघडून पाहिले. चारही फोटोंत मथुराबाई फुटक्या कोपऱ्यासमोर ताठ उभ्या, एक हात बॅगेवर, चेहऱ्यावर समाधान. बॅगेच्या जाहिरातीला याहून चांगला फोटो मिळाला नसता.

"शिवाय सर, आमच्याकडे काकूंचा शेराही आहे," आम्रपाली गोड आवाजात म्हणाली. "आम्ही तो ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवला. पण तुमचंही म्हणणं ऐकायला हवं ना? शनिवारी अकरा वाजता आमचे आमोद सर येतील बॅग बघायला."

विश्वजीतला हुरूप आला. बघायलाच येतोय ना? मग दाखवतोच! त्याने बॅग मागच्या खोलीत नेली, जुन्या चादरीखाली झाकली आणि घरात फर्मान काढलं. "शनिवारी विमान कंपनीचे साहेब बॅग बघायला येणारेत. तोवर हिला कुणी हात लावायचा नाही!"

"साहेब? आपल्या घरी?" मथुराबाईंनी विचारलं.

"हो!"

"बॅग बघाया?"

"हो गं!"

"बरं," मथुराबाई म्हणाल्या आणि विचारात पडल्या. त्या विचारात पडल्या हे विश्वजीतने पाहिलं नाही. तिथेच सगळं बिनसलं.

इकडे चाचांना चुकवायचं म्हणून तो ऑफिसला मुंढव्याकडून वळसा घालून जाऊ लागला. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास! तरी गुरुवारी दुपारी फोन आलाच.

"विश्वा, पोचलास का रे बेटा? बॅग कशी आहे?"

"ठणठणीत चाचा!"

"समोर आहे का?"

"हे काय, हात ठेवूनच बोलतोय!" त्याचा हात तेव्हा ऑफिसच्या झेरॉक्स मशीनवर होता.

"चाकं?"

"चारही! नुसती पळतायत!"

तिकडून ठक ठक आवाज आला. "कसला आवाज हो चाचा?"

"काही नाही. एका गिऱ्हाइकाची बॅग आलीय. पार मोडलीय बिचारी. आणि मालक म्हणतो, ठणठणीत आहे."

"काय एकेक लोक असतात!" विश्वजीत कळवळून म्हणाला.

"असतात खरे," चाचा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

शनिवार उजाडला. अकराला पाच कमी असताना बेल वाजली. आमोद सर म्हणजे चष्मेवाले, सडपातळ, हातात कागद लावलेली पाटी आणि पेन. पुण्याच्या पेठेतलं शिक्षण असावं, कारण पहिलंच वाक्य असं, "रस्ता विचारत आलो. तीन जणांनी तीन रस्ते सांगितले, तिन्ही खणलेले होते. असो. बॅग?"

"दाखवतो ना!" विश्वजीत रुबाबात मागच्या खोलीत गेला आणि त्याने चादर ओढली. खाली कांद्याचं पोतं!

"आई! बॅग कुठंय?"

"बाहीर आणून ठेवलीया की! साहेबांच्या म्होरं!"

तो पळत बाहेर आला. दिवाणखान्याच्या मधोमध, पाटावर, निळी बॅग उभी होती. उभी! आपल्या पायांवर, म्हणजे चाकांवर. अंग चकाकत होतं. चारही कोपऱ्यांना काळे देखणे टोप बसवलेले, जणू बॅग कारखान्यातून तशीच निघाली असावी. कुठे फुटली होती ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

आमोद सरांनी बॅगेला बोट लावलं. ती सुर्रकन कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथून वळूनही आली. सरांनी चष्मा पुसला.

"मिस्टर कुंजीर, मोडलेली बाजू दिसावी म्हणून आम्ही काही वेगळा चष्मा आणायचा असतो का?"

"सर, शपथ सांगतो, इथे भोक होतं! इथून माझा हात आत जात होता!"

"हात माझाही जातोय," सर म्हणाले, "चेन उघडल्यावर." त्यांनी बॅग उघडली. आत गुळाच्या दोन ढेपा, शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या खारोड्या आणि बरणीभर लिंबाचं लोणचं. "शिवाय वापरातही दिसते. गूळ ठेवलाय म्हणजे भक्कमच असणार."

"आई, हे काय केलंस?" विश्वजीतच्या आवाजाला रडू चिकटलं होतं.

मथुराबाई पदर खोचून पुढे आल्या. "काय केलं म्हंजी? परका मानूस घरात यायचा, आन् त्याच्याम्होरं मोडकी वस्तू ठिवायची व्हय? काय म्हनंल त्यो? कुंजिरांच्यात पाव्हण्याला कधी फुटका कप दिलेला न्हाई मी! गुरुवारी रिक्षा केली न् आणली दुरुस्त करून."

"आणि हा गूळ?"

"उसनी वस्तू रिकामी परत द्यायची रीत हाय का आपल्यात?"

विश्वजीत बॅगेचे टोप निरखू लागला. अचानक एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. "आई... दुरुस्त कुणाकडून केलीस?"

"म्हंजी? कादरभाऊकडनं! बॅग त्याची, दुरुस्तीचा धंदा त्याचा. आनखी कुनाकडं नेऊ?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "वहिनी, डाव्या चाकाचा स्क्रू जरा पिळायचा राहिलाय, म्हटलं आज जेवायला येतोच आहे तर..." आणि कादरचाचा आत आले. हातात स्क्रू ड्रायव्हर, अंगात स्वच्छ पांढरा सदरा.

विश्वजीतला गुरुवारची ठकठक आठवली. "हात ठेवूनच बोलतोय" आठवलं. "काय एकेक लोक असतात" आठवलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण मांजरीची जमीन, तिच्यावर आता सगळीकडे इमारती. ती कुठली दुभंगतेय!

"चाचा," तो म्हणाला. मग एकदम सगळं भडाभडा बाहेर आलं. "चाचा, मी खोटं बोललो. बॅग मोडली होती. मला लाज वाटली. इमादच्या पगाराची बॅग... नवी आणून गुपचूप द्यायची होती मला. भरपाई मिळाली की."

चाचा खाली बसले, चाकाचा स्क्रू पिळला, मगच बोलले.

"विश्वा, बॅगेचं चाक निघालं तर मी बसवतो. अर्धा तास लागतो. पण तू चार दिवस मुंढव्याकडून वळसा घालून गेलास, कळलं मला. तुझा बाप हयात असताना कधी माझ्या दुकानावरून चहा न घेता पुढे गेला नाही. त्याचं मी काय बसवू?"

विश्वजीतच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मथुराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आमोद सरांनीही उगाच पाटीवरचे कागद सारखे केले.

"चुकलो चाचा."

"चुकलास ना? मग झालं. आणि ऐक, बॅग नवी होती तेव्हा तिला कोपऱ्याला टोप नव्हते. आता कुठल्याही विमानातून खाली टाकू देत. तुझ्या कृपेने बॅग पक्की झाली." चाचा हसले. विश्वजीत ज्याला घाबरत होता तेच हसणं. पण ते त्याला अजिबात बोचलं नाही. त्याने वाकून चाचांच्या पायाला हात लावला आणि सहा दिवसांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास आला. बॅग मोडली हेच बरं झालं, असंसुद्धा त्याला क्षणभर वाटून गेलं. हे लिहिताना मलाही वाटतंय.

"सर," तो आमोद सरांकडे वळला, "माझी तक्रार मागे घेतो. लिहा, काही मोडलेलं नाही."

"ते मी मघाशीच लिहिलंय," सर म्हणाले.

मथुराबाईंनी मात्र सरांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. सरांनी आधी "फक्त पाणी" म्हटलं, मग "अर्धी भाकरी" म्हटलं, मग काहीच न म्हणता चौथी भाकरी घेतली.

जेवणं झाल्यावर विश्वजीतने विषय काढला. "चाचा, दुरुस्तीचं काय द्यायचं?"

"काही द्यायचंच असेल तर एक कर. आम्ही सोळा दिवस नसणार. दुकान बंद राहिलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. ऑफिसनंतर संध्याकाळी दोन तास बस. काम घेऊन ठेव, पावती दे, चाचा आल्यावर मिळेल म्हणून सांग. जमेल?"

"जमेल म्हणजे?" विश्वजीतचा ऊर भरून आला. एवढं झाल्यावरही या माणसाने आपल्या हातात दुकानाची किल्ली द्यावी! "डोळ्यांत तेल घालून सांभाळतो!"

बुधवारी चाचा आणि चाची निघाले. विश्वजीत स्वतः त्यांना मुंबईच्या विमानतळावर सोडून आला. दोन दिवसांनी चाचांचा तिकडून निरोप आला. बॅग सुखरूप पोचली, गूळ हॉटेलातल्या सगळ्यांना वाटला, सगळ्यांनी मथुराबाईंसाठी दुआ मागितली. तो निरोप विश्वजीतने आईला तीनदा वाचून दाखवला. आईने चौथ्यांदा वाचायला लावला.

आणि त्याच संध्याकाळी विश्वजीत दुकानात गादीवर बसलेला असताना समोर एक चष्मा चमकला. आमोद सर! हातात राखाडी बॅग, एका अंगाला कललेली.

"माझी स्वतःची आहे," सर आवाज उतरवून म्हणाले. "चाक गेलंय. आमच्याच विमानात."

"मग तक्रार केली असेल ना तुम्ही?"

"केली होती."

"मग?"

"नामंजूर. तपासायला मीच गेलो होतो. नियमात बसत नव्हती."

विश्वजीतला त्यांची फार दया आली. "काळजी सोडा सर! चाचा आले की चाक बसेल. बाकी बॅग भक्कम आहे, हे बघा," असं म्हणून त्याने बॅगेची दांडी वर ओढली.

दांडी वर आली. आणखी वर आली. आणि अख्खी त्याच्या हातात आली!

सरांनी दांडीकडे पाहिलं, विश्वजीतकडे पाहिलं. मग त्यांनी सावकाश खिशातून मोबाइल काढला आणि दांडीसकट विश्वजीतचा एक फोटो घेतला. पदर वगैरे काही मध्ये नव्हतं. फोटो अगदी स्वच्छ आला.

"मिस्टर कुंजीर," सर म्हणाले, "भरपाईसाठी इथे अर्ज कुणाकडे करायचा?"

विश्वजीतने दांडी हळूच गादीखाली सरकवली, स्टूल पुसून पुढे केलं आणि म्हणाला, "बसा ना सर. आधी चहा घेऊ. आज आईने भाकरीपण दिलीय डब्यात."